एकतीस नंबरचा मेंदू

मेंदू हा विश्वातला एकमेव प्रदेश, जिथे शोध घेणारा आणि शोधला जाणारा एकच असतो, हे वाक्य डॉक्टरांनी पंचवीस वर्षं प्रत्येक परिषदेत टाळ्या घेऊन म्हटलं होतं. त्या सकाळी ते बाथरूममध्ये डोळे मिटून एका पायावर उभे होते, आणि शोध घेणारा शोधल्या जाणाऱ्यासकट बादलीत बसला.

"अहो! काय पडलं?" बायकोने दार वाजवलं.

"मी. तोल तपासत होतो."

"गेला ना? झालं तर मग. चहा निवतोय."

डॉक्टरांची उभी हयात मल्टिपल स्क्लेरोसिसमागे गेली होती. शरीराचे पहारेकरीच घरभेदी होऊन मज्जातंतूंवरचं आवरण कुरतडतात, असा तो आजार. आठवडाभर डॉक्टरांच्या डाव्या हाताच्या दोन बोटांना मुंग्या येत होत्या. हेच एखाद्या रुग्णाने सांगितलं असतं तर "उशी बदला" म्हणून त्यांनी त्याला वाटेला लावलं असतं.

पण प्रकरण उशीपाशी थांबत नव्हतं. नव्या अभ्यासासाठी साठ मेंदूंचे एमआरआय काढले होते: तीस रुग्णांचे, तीस धडधाकट माणसांचे. ऐन वेळी एक धडधाकट घाबरून गळाला, तेव्हा डॉक्टर ऐटीत स्वतःच यंत्रात जाऊन झोपले. मग सगळ्या चित्रांवरची नावं पुसून नंबर घातले गेले, कुठला नंबर कोणाचा ती यादी लिफाफ्यात बंद झाली, आणि आजारी कोण, धडधाकट कोण हे ओळखायला साठही चित्रं डॉक्टरांपुढे आली. नाव कळलं की नजर पक्षपात करते, म्हणून ही खबरदारी. नियम त्यांचाच.

एकतीस नंबरच्या मेंदूत पांढरे ठिपके होते. सहा. नको तिथे, नको तसे. आणि नाकातलं हाड डावीकडे वाकलेलं. डॉक्टर लहानपणी झोपाळ्यावरून तोंडावर आपटले होते. त्यांचंही हाड डावीकडेच वाकलेलं. निम्म्या जगाचं नाक आतून वाकडं असतं, हे ते स्वतःच विद्यार्थ्यांना शिकवत. पण भीती कुठे त्यांच्या वर्गात बसली होती?

लिफाफा आकडेबाईंच्या कपाटात होता. अभ्यासाची सगळी गणितं त्या करत. डॉक्टर सहज आल्यासारखे त्यांच्या दारात रेंगाळले.

"बाई, एकतीस नंबर... पुरुष आहे का हो?"

"सर, साठही चित्रं संपल्याशिवाय लिफाफा उघडायचा नाही. पान तीन. खाली सही तुमची."

"मी फक्त विचारतोय."

"मीपण फक्त पान सांगतेय."

दुपारपर्यंत एकोणसाठ निकाल लिहून झाले. एकतिसाव्याची चौकट कोरी. डॉक्टरांनी बोटं चोळली, गुडघ्यावर हातोडी मारून पाहिली, पाय उडाला, तो जास्त उडाला असं वाटून पुन्हा मारली. 'आजार नाही' असं लिहून टाकावं का? दोन शब्दांचं काम. कोण विचारणार होतं? पण मग उरलेल्या एकोणसाठ निकालांची किंमत काय? आणि 'नाही' लिहिल्याने ठिपके थोडेच लाजून पुसले जाणार होते! त्यांना आपल्या रुग्णांचे चेहरे आठवले. "घाबरू नका," असं किती सहज म्हणत आलो आपण त्यांना!

त्यांनी लिहिलं: 'आजार आहे.' अक्षर थरथरलं. थरथरल्याचीही त्यांनी मनात नोंद घेतली.

आकडेबाईंनी लिफाफा कापला. यादीवरून बोट खाली सरकू लागलं. ते इतकं हळू सरकत होतं की डॉक्टरांना त्यांच्या बोटाचाही संशय आला.

"एकतीस... रुग्ण. चौतीस वर्षांची बाई. बरोबर ओळखलंत, सर."

परक्या बाईच्या आजाराने आपल्याला हायसं वाटलं, याची लाज डॉक्टरांना चार-पाच सेकंदांनी वाटली. तोवर त्यांनी पोटभर श्वास घेऊन टाकला होता.

"आणि... मी?"

"सत्तेचाळीस." बाईंनी सत्तेचाळिसाचा कागद काढला आणि डॉक्टरांच्याच अक्षरातला शेरा कोऱ्या चेहऱ्याने वाचला. "'आजार नाही. मात्र चित्र हललेलं, मोजमापाला निरुपयोगी. हा इसम दहा मिनिटंही स्वस्थ पडू शकत नाही. पुन्हा बोलावू नये.'"

डॉक्टरांनी तो कागद हातात घेऊन टेबलावर उलटा ठेवला.

"बोलवावं तर लागेल, सर. मंगळवारी दहाला या. आणि एक विनंती आहे, या वेळी आत पडल्या पडल्या यंत्र कसं चालतं ते आम्हाला समजावून सांगू नका."