वाचायची मनाई

मोझेल गेली तेव्हा तिच्या नवऱ्याला, रूबेन वाक्रूळकरांना, रडू आलं नाही. दफनाच्या वेळी नाही की घरी परतल्यावर नाही. हैदराबादेत, तारनाक्याच्या त्या फ्लॅटमध्ये शेजारीपाजारी येऊन डोळे पुसून जात होते, आणि ज्याची बायको गेली तो गृहस्थ जमिनीवर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला पाणी हवंय का विचारत होता. माणूस असा दगड कसा होतो, असं लोकांच्या मनात आलंच असेल. लोकांचं सोडा, रूबेनच्याही मनात तेच येत होतं.

वाक्रूळकर म्हणजे बेने इस्राएल, कोकणातले मराठी बोलणारे यहुदी. आजोबा रेल्वेच्या नोकरीपायी सिकंदराबादला आले आणि इथलेच झाले. रूबेनही रेल्वेतूनच निवृत्त झाले. निवृत्त माणसाला काहीतरी खूळ लागतंच, ह्यांना वाचनाचं लागलं. रोज सकाळी चहा झाला की हिब्रू शास्त्रातला त्या आठवड्याचा थोडासा भाग काढायचा, दोन ओळी मूळ भाषेत म्हणायच्या, मग सगळं आपल्या मराठीत सांगायचं. ऐकायला मोझेल असायची, शिवाय समोरच्या दारातलं जोडपं, मधुकरराव आणि मालतीबाई. मालतीबाई शेवटी एखादा अभंग म्हणत. मधुकरराव वकिली केलेले, जुन्या शहरात वाढलेले. ते कुठल्याशा दर्ग्यात ऐकलेलं सूफी वचन दखनीत ठोकून देत. कुणाचा देव कुणाच्या आड येत नव्हता. आड यायची ती मोझेल. शास्त्र चालू असताना मध्ये बोलू नये, हे रूबेननी तिला किती वेळा बजावलं असेल, पण ऐकेल तर ती मोझेल कसली.

दफनाच्या दिवशीच संध्याकाळी ठाण्याहून चुलतभावाचा, एझ्राभाऊंचा फोन आला. घराण्यातल्या सगळ्या रीतीभाती ह्यांच्या जिभेवर. आरसे झाकलेस का, सात दिवस खालीच बसायचं बरं का, पायात चामड्याची चप्पल नको, असं सगळं सांगून झालं.

"आणि रूबेन, तुझं ते वाचन बंद. सात दिवस शास्त्र उघडायचं नाही."

"हं."

"शास्त्र वाचलं की मन आनंदतं. शोकातल्या माणसाला आनंद वर्ज्य. उगाच नाही घालून दिलेलं."

रूबेनना हे माहीत नव्हतं थोडंच? वडील गेले तेव्हा त्यांनी अक्षरन् अक्षर पाळलं होतं. पण तेव्हा ते ढसाढसा रडले होते; पुस्तकाची आठवणसुद्धा झाली नव्हती. ह्या वेळी मात्र एझ्राभाऊंचं बोलणं डोक्यात अडकून बसलं. मन आनंदतं म्हणे. आनंदायला मन जागेवर तरी हवं ना. जेवण जात होतं, झोप लागत होती, गॅसवाल्याशी बोलणं होत होतं, आणि आत ठणठणाट. इतकी वर्षं जिच्या शेजारी काढली तिच्यावर आपलं प्रेमच नव्हतं की काय, ही भीती त्यांना जेवताना वाटे, दात घासताना वाटे. भीती तरी वाटते म्हणावं, तर तीही अशी सपाट, दुसऱ्या कुणाची असावी तशी.

एका दुपारी घरात कुणी नसताना त्यांनी कपाट उघडलं आणि पुस्तक काढलं. हो, जाणूनबुजून. पाहू तरी, म्हणाले, काय होतंय ते. आनंद झाला तर पाप लागेल, लागू दे. निदान आत कुणीतरी आहे एवढं कळेल. आयुष्यभर ज्या भागानं त्यांच्या अंगावर काटा आणला होता, तो त्यांनी मोठ्यानं वाचला. एकदा वाचला, पुन्हा वाचला. गाड्यांचं वेळापत्रक वाचावं तसं झालं. त्यांनी पुस्तक ठेवून दिलं आणि पुन्हा खाली येऊन बसले.

संध्याकाळी मधुकरराव थर्मासमधून चहा घेऊन आले, तेव्हा रूबेननी सांगून टाकलं. "मी नेम मोडला. शास्त्र वाचलं."

"मग?"

"काही झालं नाही. आनंद होतो म्हणून मनाई आहे. मला तो झालाच नाही. मग मोडला तरी कसा म्हणायचा?"

मधुकररावांनी कपात चहा ओतला. "वकील म्हणून विचाराल तर तुम्ही निर्दोष. नक्को परेशान होऊ."

"निर्दोष व्हायचं नव्हतं मला," रूबेन म्हणाले. "काहीतरी व्हायला हवं होतं हो." मधुकररावांनी कप त्यांच्या हातात दिला. दोघं चहा पीत बसले.

बाकीचे दिवसही तसेच गेले. मयतासाठी म्हणायची प्रार्थना दहा पुरुष जमल्याशिवाय म्हणता येत नाही, आणि आपले दहा जण रूबेन हैदराबादेत आणणार कुठून? तीही राहिली. शेवटच्या सकाळी रीतीप्रमाणे ते जमिनीवरून उठले, बिल्डिंगला एक फेरी मारून आले, आरशांवरच्या चादरी काढल्या. एझ्राभाऊंनी फोनवरून सांगितलं की झालं, आता मोकळा झालास. रूबेननी त्यांना बरं म्हटलं आणि चादरी धुवायला टाकल्या.

दुसऱ्या दिवशी चहानंतर मधुकरराव आणि मालतीबाई नेहमीसारखे येऊन बसले. वाचा असं कुणी म्हणालं नाही, नका वाचू असंही नाही. रूबेन खुर्चीवर बसले आणि सवयीनं त्या आठवड्याचा भाग काढला.

भाग होता तंबूतल्या म्हातारीचा. परके पाहुणे येऊन तिच्या म्हाताऱ्या नवऱ्याला सांगतात की पुढच्या वर्षी तुझ्या बायकोला मुलगा होईल. ही दाराआडून ऐकते आणि हसते, आणि देवानं हटकलं तर हसलेच नाही म्हणून साफ कानांवर हात ठेवते. रूबेन एका सुरात सांगत गेले. म्हातारी हसली तिथे येऊन ते थांबले.

त्यांचं त्यांनाही कळलं नाही का थांबलो. मालतीबाईंनी वर पाहिलं. मग रूबेनच्या लक्षात आलं, दरवर्षी इथे थांबावंच लागायचं. इथे मोझेल बोलायची. खोलीत कुणीच बोललं नाही, तेव्हा त्यांच्याच तोंडून ते निघालं, तिच्याच ठसक्यात:

"नव्वदीत बाळंतपण? देवाला काय जातंय सांगायला!"

मालतीबाई पदर तोंडाला लावून हसल्या, मधुकरराव हसले, आणि रूबेनना हसू फुटलं. खरंखुरं, पोटातून. कित्ती बरं वाटलं त्यांना. दरवर्षी ते तिला गप्प करायचे, आणि दरवर्षी ह्याच वाक्याची वाट बघत वाचायचे, हे त्यांना आत्ता कळलं. हसता हसता त्यांचा आवाज फाटला. चष्मा काढावा लागला. मालतीबाई हसायच्या थांबल्या. रूबेनना थांबता येईना. पहिल्यांदाच, मोझेल गेली हे त्यांना ठाऊक झालं.

बऱ्याच वेळानं त्यांनी पुस्तक मिटून मधुकररावांच्या हातात दिलं.

"हे तुमच्याकडे न्या. मला आता वाचता येणार नाही. मनाई आहे."

"अहो रूबेनभाऊ, सात दिवस तर काल संपले ना?"

"नाही," रूबेन म्हणाले, आणि खुर्चीवरून उठून खाली फरशीवर बसले. "आज पहिला."