दसऱ्यानंतर मी सुरूच होईना

मित्रांनो, मी जुना आहे हे मला पाहताच तुम्हाला कळेल. माझा पांढरा रंग आता ताकात हळद पडावी तसा झाला आहे, आणि एंटरचं बटण तर दाबून दाबून नदीतल्या गोट्यासारखं गुळगुळीत झालं आहे. मी एक संगणक आहे. घरात मला 'कम्पुटर' म्हणतात, आणि घरचे कर्ते चुनीलाल चिडले की 'डबडं' म्हणतात. पण मला डबडं म्हणणाऱ्या याच घरात एका दसऱ्याला माझी देवासारखी पूजा झाली, आणि त्या देवपणातच माझा जीव जायची वेळ आली! तीच गोष्ट सांगतो.

माझा जन्म एका जागी झालाच नाही. कुठून कुठून आलेले माझे अवयव सुरतेच्या एका लहानशा दुकानात स्क्रूने एकत्र बांधले गेले. मला विकत घेतलं भूपेशने, तेव्हा तो कॉलेजात शिकत होता. एसटीने तो मला गावी घेऊन निघाला. विसरवाडीला गाडी बदलायची होती. फाट्यावर ट्रकांची धूळ उडत होती, पण भूपेशने मला जमिनीला टेकू दिलं नाही. मांडीवर मी आणि माझ्यावर चहाचा कप, असे आम्ही पुढच्या गाडीची वाट पाहत बसलो. इतकं कौतुक परत कधी झालं नाही!

तळोद्याच्या खालच्या अंगाला, तापीकाठी आमचं गाव आहे. तेव्हा गावात दुसरा संगणक नव्हता. दहावीचा निकाल लागायचा त्या दिवशी अंगणात चपलांचा ढीग पडायचा. पोरं माझ्यासमोर श्वास रोखून उभी राहायची आणि मी त्यांचा निकाल पडद्यावर आणायचो. कुणी पास झालं की पेढा माझ्या डोक्यावर ठेवायचे. खाता येत नव्हता, पण मान होता.

मग काय झालं, ते तुम्हाला माहीतच आहे. भूपेशला वापीच्या कारखान्यात नोकरी लागली आणि घराघरांत मोबाइल आले. मी कोपऱ्यात गेलो. माझ्यावर एक जुनं लुगडं पांघरलं गेलं. एका हिवाळ्यात तर माझ्या शेजारी वाळलेल्या मिरच्यांची पोती रचली. तो लाल फुफाटा दिवसरात्र माझ्या कुशीतल्या हवेच्या जाळीतून आत शिरत होता. मला शिंकता येत असतं तर मी सगळं गाव उठवलं असतं!

त्या लुगड्याखालून मला बाहेर काढलं ते रोशनीने. रोशनी म्हणजे भूपेशच्या मोठ्या भावाची, चुनीलालांची मुलगी. तेव्हा ती नववीत होती. आठवीपर्यंत तिला वर्गात हात वर करायचीसुद्धा भीती वाटायची. पण त्या वर्षी शाळा सुरू झाली आणि विज्ञानाच्या बाईंनी विचारलं, "प्रदर्शनासाठी कोण काय करणार?" तेव्हा ही उभी राहिली आणि म्हणाली, "मी केळीच्या करप्यावर करणार." आधी बोलली, मग घाबरली, आणि मग घरी येऊन मला पुसता पुसता म्हणाली, "बोलले ना, आता करणारच!"

करपा म्हणजे केळीच्या पानावर डाग पाडून पान जाळणारा रोग. रोशनीने बांधाजवळची एकच केळ निवडली. दर रविवारी ती आईचा मोबाइल घेऊन शेतात जायची आणि त्याच केळीचा, त्याच बाजूने फोटो काढायची. दीपमालाचा, म्हणजे तिच्या आईचा, मोबाइल भरून भरून ठप्प व्हायचा. म्हणून रोशनी फोटो माझ्यात टाकायची आणि मोबाइलमधून पुसून टाकायची. सगळे फोटो एकापाठोपाठ लावले की करपा खालच्या पानावरून वरच्या पानावर कसा चढत गेला ते चालत्या चित्रासारखं दिसायचं. ते पहिल्यांदा दिसलं तेव्हा रोशनी खुर्चीवरून उडीच मारून उठली! आख्खा पावसाळा माझ्या पोटात होता, मित्रांनो, आणि तो दुसरीकडे कुठेच नव्हता.

मग आला दसरा. आमच्याकडे दसऱ्याला सगळ्या अवजारांची पूजा होते. विळे, फवारणीचा पंप, ट्रॅक्टरची चावी, सगळं पाटावर मांडलं जातं. त्या वर्षी रोशनीने हट्ट धरला, "आजी, मन्हं अवजार तं हाईच शे." तिची आजी दगूबाई हसली आणि म्हणाली, "आन मंग त्याले बी." स्वस्तिक नीट काढता यावं म्हणून रोशनीने मला, म्हणजे माझ्या उभ्या डब्याला, कुशीवर आडवं निजवलं. माझी जाळी आभाळाकडे झाली. आजीने कुंकवाचं स्वस्तिक काढलं, झेंडू वाहिला, आणि मग कुंकवात भिजवलेल्या ओल्या अक्षता मूठभर घेऊन नेमक्या जाळीवर टाकल्या. मला गुदगुल्या झाल्या. इतक्या वर्षांनी पूजा! मी फुगून गेलो होतो.

दुसऱ्या दिवशी रोशनीने बटण दाबलं. मी जागा झालो, दिवा लागला, पडदा काळ्याचा निळा होऊ लागला आणि मला घेरी आली. सगळं बंद. तिने परत दाबलं, परत तेच. मला कळत होतं की आत कुठेतरी श्वास अडतोय, पण काय अडकलंय ते दिसत नव्हतं. आपल्याच पाठीवर बसलेला मुंगळा कुणाला दिसतो? आणि मला बोलता येतं ते फक्त 'बीप'. मी बीप म्हणालो. कुणालाच कळलं नाही.

असे दोन-तीन दिवस गेले. प्रदर्शन दिवाळीच्या सुट्टीआधी, म्हणजे तोंडावर आलेलं. चुनीलाल शेतातून आले आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "बस व्हयनं आते. हाई डबडं भंगारवालाले दी टाकसूत."

"बाबा, मन्हा फोटो शेतस त्यामा!"

"मंग दुसरा काढी ले. केळ तीच शे ना?"

"केळ तीच शे," रोशनी म्हणाली, "पन आषाढ-श्रावण परत येई का?"

चुनीलाल पडले शेतकरी माणूस, या प्रश्नाचं उत्तर त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक? ते एवढंच म्हणाले, "भंगारवाला रविवारले येस. तवलोंग काय करनं ते करी ले."

रोशनीने भूपेशकाकाला फोन लावला. मी कान टवकारले. माझा जुना मालक! तो मला वाचवणारच!

"व्हायरस व्हई," भूपेश तिकडून म्हणाला. "फॉरमॅट मारी टाक."

"मंग मन्हा फोटो?"

"त्या जातीन. काय करशी?"

मित्रांनो, माझ्या तारा थंड पडल्या. फॉरमॅट म्हणजे माझी पाटी कोरी होणार, पावसाळा पुसला जाणार. पण रोशनी फोन धरून माझ्याकडे बघत राहिली. आदल्या वर्षीची रोशनी असती तर "बरं काका" म्हणून गप्प बसली असती. ही म्हणाली, "काका, विंडोज लागाना पहिलेच बंद पडस हाऊ. मंग विंडोजना काय दोष?"

पलीकडे भूपेश मोठ्याने हसला. "वं पोरी! हाई तं मन्हा ध्यानमाच नही उनं. आखो काय दखं तू?"

"लगेच परत चालू करं तं आखो लवकर बंद पडस. थोडं थांबीसन चालू करं तं जास्त टिकस."

"म्हंजे तो तापी ऱ्हायना! फॉरमॅट नको मारू. वायर काढ, झाकन खोल, आन आतला पंखा फिरस का दख. आन तोंडाने फुंकू नको, थुंकी उडस."

रोशनीने सांगितलं तसंच केलं. आधी वायर भिंतीतून काढली. नंतर माझं बटण एकदा दाबून सोडलं, म्हणजे आत उरलीसुरली वीज निघून जाते. दगूबाई आजी दारातूनच ओरडली, "वं पोरी, हात नको लाऊ, करंट मारी!"

"वायर काढेल शे, आजी," रोशनी म्हणाली आणि तिने माझ्या कुशीचं झाकण सरकवलं.

आत बघून ती नुसती "वं माय!" म्हणाली. लाल फुफाट्याने माझं काळीज माखलं होतं. चुनीलाल सायकलचा पंप घेऊन आले होते, मदत करायला. मनातून त्यांनाही तो पावसाळा हवा होता. रोशनी म्हणत होती, "बाबा, हळू..." पण त्यांनी ट्यूबमध्ये भरावी तशी जोरात हवा मारली. सगळी मिरची उडाली! चुनीलाल शिंकले, रोशनी शिंकली, चुलीजवळची दीपमाला शिंकली, दारातली आजी पदर नाकाला लावून शिंकली. अंगणातली शेळीसुद्धा!

"हाई कम्पुटर शे का मिरचीनी चक्की!" चुनीलाल डोळे पुसत म्हणाले. खरं सांगतो, त्या घरात कित्येक दिवसांनी सगळे एकदम हसले, आणि तेही माझ्याभोवती बसून.

धूळ खाली बसली. रोशनीने चित्रकलेच्या ब्रशने माझा लहानसा पंखा झाडला आणि बोटाने हळूच फिरवला. तो फिरेना. ती वाकली. पात्याच्या आणि कडेच्या मध्ये काहीतरी लाल, कडक चिकटलं होतं. तिने सुईच्या टोकाने ते सोडवून तळहातावर घेतलं. एक दाणा, दुसरा, तिसरा.

"हाई काय?" आजीने विचारलं.

रोशनीने तळहात पुढे केला. आजी जवळ आली, तिने दाणे चिमटीत धरून पाहिले, आणि तिचा चेहरा उतरला. दसऱ्याच्या अक्षता होत्या त्या, कुंकवात वाळून डिंकासारख्या घट्ट झालेल्या.

"जठे वारा निंघस तठे जीव, म्हनीसन तठेच टाक्यात मी," आजी हळूच म्हणाली. "त्यान्हं भलं व्हवाले टाक्यात वं."

"आजी, तुन्हं बरोबरच शे. तठेच त्यान्हा जीव शे," रोशनीने तिचा हात धरला. "आन त्याले आडवं मीच करेल व्हतं."

झाकण लागलं, वायर लागली. रोशनीने डोळे मिटून बटण दाबलं. माझा पंखा भिरभिरला! थंड वारा माझ्या काळजावरून गेला, पडदा निळा झाला, आणि या वेळी मी झोपलो नाही. थोड्या वेळाने बांधाजवळची केळ पडद्यावर उभी राहिली, पहिल्या रविवारची, सगळी हिरवीगार. रोशनीने आधी काय केलं असेल? सगळे फोटो पेनड्राइव्हमध्ये उतरवले. मग नाचली!

प्रदर्शनात त्या चालत्या केळीपुढे पोरांपेक्षा त्यांचे वडीलच जास्त वेळ उभे होते, असं तिने मला येऊन सांगितलं. चुनीलाल दोनदा बघून आले, आणि रविवारी भंगारवाल्याची हाक आली तेव्हा कुणी दारातसुद्धा गेलं नाही.

मित्रांनो, मी काही फार मागत नाही. आम्हा यंत्रांवर माया करा, पण आमच्या श्वासाची जागा मोकळी ठेवा. आम्ही बंद पडलो तर लगेच पुसू नका, फेकू नका. जरा थांबून बघा, कधी बंद पडतो, कशाने पडतो. आम्ही सांगत असतो, फक्त आमचा आवाज बारीक असतो.

यंदाच्या दसऱ्याला मी परत पाटाशेजारी होतो, पण उभा, आणि वायर काढलेला. आजीने अक्षतांची मूठ भरली आणि तशीच थांबली. "आते टाकू का नको वं?" तिने विचारलं. रोशनीने पुढे होऊन माझ्या जाळीवर आपला तळहात पालथा ठेवला.

"टाक, आजी."

आणि सगळ्या अक्षता तिच्या हातावर पडल्या.