नमुन्याची ओळ

मी वॉचमन बोलतोय. काठी नाही, शिट्टी नाही. बिबवेवाडीतल्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत बसवलेला बावीस ओळींचा प्रोग्राम आहे मी.

जन्म २०११ चा. तिथे कोणी कामात बदल केला की तो साठवताना सोबत चिठ्ठी लिहावी लागते, काय बदललं त्याची. तिला कमिट मेसेज म्हणतात. पोरं काहीही लिहायची. 'झालं.' 'आता चालेल बहुतेक.' शेवटी दीपाली मॅडम वैतागल्या. त्यांनी मला लिहिलं आणि दारात बसवलं.

माझं शिक्षण बेताचं. फक्त पहिली ओळ बघायची. कामाचा प्रकार, कामाचा नंबर, मग बदल. बसलं तर आत, नाही तर परत. अर्थ मला कळत नाही. रुबाब मात्र साहेबाचा.

परत पाठवताना मी एक नमुना दाखवायचो: 'दुरुस्ती ४२: तारखेचा रकाना सुधारला'.

राकेशला मी पहिल्याच दिवशी तीनदा हाकललं. चौथ्यांदा त्याने माझाच नमुना उचलून माझ्यापुढे धरला. मी सलाम ठोकला.

"अरे, म्हातारा स्वतःचंच लिहिलेलं पास करतोय!" तो ओरडला.

मग सगळेच तेच देऊ लागले. बटणाचा रंग बदलला, तारखेचा रकाना सुधारला. छपाई बिघडवली, तारखेचा रकाना सुधारला. काय ही शिस्त! मी मनात फुगत होतो.

तेवढ्यात अक्षता आली. लोणी काळभोरहून दोन बस बदलून येणारी, सहा महिन्यांच्या प्रोबेशनवरची. तिच्या वाट्याला खरोखरच ४२ नंबरचं काम आलं. तिने पहिली ओळ नमुन्यातलीच लिहिली, आणि खाली आणखी सात ओळी. खाली बघायला मला कोणी शिकवलेलं नाही.

आठवड्याने नवं सॉफ्टवेअर एका औषधाच्या दुकानात गेलं. मुदत संपलेल्या गोळ्या यादीत ताज्या दिसू लागल्या. आमच्या कंपनीचे मालक जयसिंगराव तडक आले.

"तारखेला हात कोणी लावला?"

इतिहास उघडला. दोनशे सात चिठ्ठ्या, सगळ्या तारखेच्या. सगळ्यांनी लावला होता.

"बेचाळीस नंबर कोणाला दिला होता?"

"मला, सर," अक्षता म्हणाली.

"मग उद्यापासून आपण आला नाहीत तरी चालेल."

"सर, खालचं वाचा ना."

"अगं, खालचं कोण वाचतं?" राकेश हसला.

दीपाली मॅडमनी वाचलं, मोठ्याने. "दिवस आणि महिना उलटे पडत होते, सरळ केले. यादीचा भाग अजून उलटंच वाचतो. तो राकेशकडे आहे, त्याला सांगितलंय. त्याचं होईपर्यंत हे दुकानात पाठवू नये."



"राकेश, यादी बदललीस?"

"बदलली की, मॅडम. चिठ्ठी आहे ना."

"कोणती?"

"तारखेचा रकाना..."

जयसिंगराव अक्षताकडे वळले. "उद्या या. वेळेवर या."

मॅडमनी त्याच दिवशी माझी नमुन्याची ओळ काढून टाकली. आता मी एकवीस ओळींचा. परत पाठवतो, कसं लिहायचं ते सांगत नाही. पोरं शिव्या देतात, आणि निदान शिव्या तरी आपापल्या देतात.

तुम्हाला एवढंच सांगणं: पहिली ओळ माझ्यासाठी लिहा, मी वाट सोडीन. खालच्या ओळी माणसासाठी लिहा. त्या वाचायची माझी अक्कल नाही. दोनशे सात वेळा सिद्ध झालंय.