हवा काढायला दोघं लागतात

शनिवारी सकाळपासून मी यशोधनशी बोलत नव्हते. आठवडाभर सांगत होते की गाडीचा ब्रेक स्पंजासारखा मऊ लागतोय. आणि इथे जर्मनीत, नेकारसुल्मच्या गाड्यांच्या कारखान्यात दिवसभर ब्रेकच्या चाचण्या घेणारा माझा नवरा म्हणत होता, “अगं, एबीएस आहे ना.” एबीएस चाक अडकू देत नाही, कबूल. पण ब्रेकच्या तेलाच्या नळीत हवा शिरली तर चाकापर्यंत दाब पोचणार कसा? हे त्यानेच मला लग्न ठरल्यावर फोनकार्ड संपेपर्यंत समजावलं होतं.

शेवटी त्याने स्वतः पेडल दाबून पाहिलं आणि आम्ही मुकाट्याने भाड्याच्या वर्कशॉपमध्ये गेलो, जिथे तासावर जागा आणि हत्यारं घेऊन गाडी आपली आपण दुरुस्त करायची. हवा काढताना एकाने पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने चाकाजवळचा स्क्रू सैल करून हवा आणि तेल बाटलीत सोडायचं. स्क्रू बंद व्हायच्या आत पाय उचलला तर हवा परत आत.

“दाब,” तो मागच्या चाकापाशी बसून म्हणाला.

मी दाबलं. बोलले नाही.

“ऊर्मिला, तू सांगितल्याशिवाय मला स्क्रू उघडता येत नाही.”

“दाबलं.”

“सोड.”

“सोडलं.”

तिसऱ्या चाकापर्यंत माझा आवाज बराच निवळला. चौथं चाक माझ्या दारापुढचंच. तिथे पेडल दगडासारखं घट्ट लागायला लागलं.

“दाब,” यशोधन म्हणाला.

मी खिडकीतून वाकून पाहिलं. बाटलीला झाकण लागलं होतं, पाना पेटीत गेला होता, आणि हा चाकाला टेकून निवांत बसला होता.

“दाबलं,” मी म्हणाले.