एकमेकांचे गुण

फू सरांनी परीक्षेच्या आदल्या दिवशी वर्गाला एकच गोष्ट तीनदा बजावून सांगितली होती. "शेवटचा पेपर होईपर्यंत कुणी कुणाशी उत्तरं जुळवायची नाहीत. बाहेर या, आइसकांडी खा, घरी जा. झालेल्या पेपरची नाडी बघू नये."

सगळ्यांनी माना डोलावल्या. गणिताच्या पेपरपर्यंत हा नियम टिकला. मग फाटकाबाहेर पाऊल पडताच लेइ मिंगने ओरडून विचारलं, "शेवटच्या गणिताचं उत्तर तीन ना रे?"

लेइ मिंग या नावाचा अर्थच मुळी ढगांचा गडगडाट. बारशाला आईबापांनी काय ओळखलं होतं कोण जाणे, पण पोरगा नावाला जागला होता. त्याचा आवाज रस्त्यापलीकडच्या कलिंगडवाल्यापर्यंत पोचला. "तीनच, तीनच!" पाच-सहा जणांनी गर्दीतून साथ दिली.

यावेन तिथेच खिळली. तिचं उत्तर पाच आलं होतं.

तिने कुणाला काही विचारलं नाही. सायकल हातात धरून ती चालत घरी गेली. आईने मुद्दाम तिच्यासाठी अंडं घालून टोमॅटोचा रस्सा केला होता, तो तिने नुसता ढवळला. "पोट बिघडलं का गं?" आईने विचारलं. "उकडतंय," एवढंच यावेन म्हणाली. उरलेले पेपर तिने दात-ओठ खाऊन लिहिले, पण रोज अंथरुणावर पडलं की पाच आणि तीन डोळ्यांपुढे फेर धरायचे.

ते दोन हजार दोन साल होतं. हानचुंगच्या बाजूच्या त्या गावात तेव्हा निकालाआधीच कॉलेजांचा फॉर्म भरावा लागे. पेपर संपले की दोन दिवसांनी शाळेत बरोबर उत्तरांची यादी वाटत. आपण काय लिहिलं ते आठवून ज्याने त्याने साडेसातशेपैकी स्वतःचे गुण मोजायचे आणि त्या अंदाजावर कॉलेज निवडायचं. जास्त धरले तर सगळीकडूनच नकार, कमी धरले तर चांगलं कॉलेज हातचं गेलं. पोरांची बारा वर्षांची मेहनत अशी आठवणीच्या भरवशावर.

यावेनला शीआनला जाऊन वास्तुकला शिकायची होती. मागच्या वर्षी तिथे पाचशे तीसला यादी थांबली होती.

उत्तरांची यादी मिळाली त्या दिवशी वर्गात पंखे फिरत होते आणि त्यांच्यापेक्षा जोरात पोरांची तोंडं. यावेन लाल पेन घेऊन कोपऱ्यात बसली. तिने यादीतलं गणिताचं शेवटचं पान काढलं. त्यावर लिहिलं होतं : पहिला भाग, तीन. दुसरा भाग, पाच.

तिने पुन्हा वाचलं. पहिल्या भागात तिचंही तीनच आलं होतं. फाटकाबाहेर पोरं पहिल्या भागाचं बोलत होती, एवढंच!

"दुसरा भाग?" मागून लेइ मिंग ओरडला. "कसला दुसरा भाग?"

"पान उलटल्यावर होता," शेजारची सू थाओ म्हणाली.

"पान उलटायचं होतं?"

अख्खा वर्ग बाकं बडवून हसला. लेइ मिंगने आधी डोकं धरलं, मग तोही हसायला लागला. यावेनला मात्र हसावं की त्याला डस्टर फेकून मारावं ते कळेना. तिने दोन्ही केलं.

संध्याकाळी फू सरांनी सगळ्यांचे आकडे गोळा केले. लेइ मिंगचे पाचशे एकतीस. यावेनचे चारशे अठ्ठ्याण्णव. सरांनी चष्मा कपाळावर चढवला आणि दोघांना बाहेर बोलावलं.

"तुम्ही दोघंही खोटारडे आहात," सर म्हणाले. "हा फुशारकीने खोटा आणि ही भीतीने. तीन वर्षं तुमच्या वह्या तपासतोय मी. जा, एकमेकांचे गुण मोजा. आणि मोजताना दयामाया नको."

मैदानाच्या कडेला सिमेंटची टेबल-टेनिसची टेबलं होती. त्यातल्या एकावर चढून दोघं समोरासमोर बसली.

"आधी तुझे," यावेन म्हणाली. "भौतिकशास्त्राचा सतरावा. काय लिहिलंस?"

"सूत्र बरोबर होतं."

"उत्तर?"

"उत्तर जरा चुकलं."

"जरा म्हणजे?"

"दहापट."

"अर्धे गुण."

"अगं, सूत्रासाठी तरी चार-"

"अर्धे म्हटलं ना! दयामाया नको, सरांनी सांगितलंय."

असं करत करत तासाभरात त्याचा फुगा फुसफुसत चारशे अडुसष्टवर येऊन टेकला. लेइ मिंगने कागद उलटा-सुलटा करून पाहिला. "पेइचिंगचं कॉलेज गेलं," तो म्हणाला. पहिल्यांदाच हळू आवाजात.

यावेनला वाईट वाटलं. "लानचौचं रेल्वेचं कॉलेज आहे की. चारशे साठला मिळतं. तुला इंजिनं आवडतात ना?"

"आवडतात." त्याने नाक पुसलं. "बरं, आता तुझी पाळी. निबंधाला साठपैकी किती धरलेस?"

"छत्तीस."

"छत्तीस? स्वतःचेच गुण कापायची हौस आहे का? काय लिहिलंस?"

मग टेबलाकडे बघत तिने सांगितलं. तिचे वडील गुरांचे डॉक्टर. एकदा बर्फ पडत असताना वरच्या वस्तीतली गाय अडली होती. वडील तिला सोबत घेऊन गेले. वासरू आडवं आलेलं. वडिलांनी शर्ट काढून खांद्यापर्यंत हात आत घातला आणि गायीच्या अंगाला गाल टेकवून, माणसाशी बोलावं तसं, तासभर बोलत राहिले. गायीला काय कळलं असेल, असं तिने परतताना विचारलं. वडील म्हणाले, गायीला नाही गं, मलाच धीर यावा म्हणून बोलत होतो.

लेइ मिंगने कागदावरून मान वर केली. "हे खरं घडलंय?"

"हो."

"पन्नास," तो म्हणाला आणि लिहूनही टाकले.

"वेडा आहेस का? चाळीस लिही."

"पेन माझ्या हातात आहे. तू माझं पेइचिंग भंगारात काढलंस तेव्हा मी बोललो का काही?"

गणिताच्या शेवटच्या प्रश्नाचे भीतीपोटी कापलेले गुण त्याने परत घातले, इंग्रजीतले चार आणि बाकीच्या विषयांतले थोडे थोडे वाढवले. बेरीज आली पाचशे सत्तेचाळीस. यावेनने दोनदा ताळा केला. बेरीज हलेना.

घरी मात्र निराळंच. आईची गल्लीच्या तोंडाशी म्येनफीची गाडी होती. तांदळाच्या वाफवलेल्या पट्ट्यांवर मिरचीचं तेल ओतता ओतता ती म्हणाली, "गावातलं शिक्षकांचं कॉलेज काय वाईट आहे? डोळ्यांसमोर राहशील. त्या गडगडाटाच्या बेरजेवर आयुष्य टांगायचं का?"

वडील खात होते. त्यांनी तोंड पुसलं. "मी आत हात घालतो तेव्हा मला तरी कुठे दिसतं? हाताला काय लागतं त्यावर ठरवायचं. तुझ्या हाताला काय लागतंय, पोरी?"

"शीआन," यावेन म्हणाली. आणि दुसऱ्या दिवशी फॉर्मवर पहिल्या रकान्यात तिने तेच लिहिलं.

निकाल महिनाअखेरीला लागला. गुण फोनवर कळायचे, पण नंबर काही केल्या लागेना. यावेन किराणा दुकानातल्या फोनवर सकाळपासून बोटं झिजवत होती. तेवढ्यात सायकलची घंटा आणि तिच्याही वर तो आवाज. फू सरांकडे यादी आली होती.

"पाचशे एक्केचाळीस! यावेन, पाचशे एक्केचाळीस!"

गल्लीतल्या खिडक्या उघडल्या. कुणाचं तरी बाळ दचकून रडायला लागलं. यावेनच्या हातातून रिसीव्हर सुटून दोरीवर झोके घेत राहिला.

"आणि तुझे?" तिने विचारलं.

"चारशे त्र्याहत्तर. पाच गुणांनी फसवलंस मला, कंजूष!" लेइ मिंग धापा टाकत हसत होता. "लानचौ नक्की!"

"तू मला सहा जास्त दिलेस."

"मग? त्याबद्दल एक म्येनफी तर दे."

आईने दोन मोठे वाडगे भरले आणि लेइ मिंगच्या वाडग्यात न मागता जास्तीचं तेल घातलं. त्याचे डोळे पाण्याने भरले, ते मिरचीने की कशाने ते कुणी विचारलं नाही. गिऱ्हाइकं चौकशी करत होती. शेजारच्या शिंपीणबाईंनी विचारलं, "पोरगी एवढ्या लांब जाणार म्हणे?"

"जाणारच," आई ताठ मानेने म्हणाली. "पहिल्या दिवसापासून मीच सांगत होते तिला, भरायचं तर शीआनच भर."

वडिलांनी यावेनकडे पाहिलं. यावेनने वाडग्यात तोंड घातलं आणि हसू आवरत पट्ट्या सुर्रकन ओढल्या.