मास्तरांची मखमल

चष्म्याच्या दुकानात काम करणाऱ्या त्या मुलीला गल्लीत सगळे ‘मास्तरांची धाकटी’ म्हणत. आई कधीच गेली होती, थोरला भाऊ लग्न करून दूर राहायला गेला होता. आता धाकटी म्हणायला घरात थोरलं कुणी उरलंच नव्हतं, पण नाव चिकटलं ते चिकटलं. मास्तर म्हणजे तिचे वडील. शाळेतले नव्हेत, शिलाईचे. पुढच्या खोलीत त्यांचं मशीन, कापायचं लांबलचक टेबल, खुंटीला मोजपट्टी आणि जमिनीवर चिंध्या. मागच्या दोन खोल्यांत बापलेकीचा संसार.

दुकानाच्या मालकीणबाईंनी दुसऱ्या शहरात नवं दुकान काढलं आणि ते तूच सांभाळ म्हणून धाकटीच्या मागे लागल्या. धाकटीने ते मास्तरांच्या कानावर घातलं. तुझी मर्जी, असं मास्तर म्हणाले आणि त्या दिवसापासून ताटावर बसून नुसते घास चिवडू लागले. उठताना इतके कण्हायचे की भिंतीला दया यावी. शेवटी धाकटीने मालकीणबाईंना नाही म्हणून सांगितलं. मास्तरांची भूक दुसऱ्याच दिवशी घरी परतली.

पण ती कण्हण्याला भुलली नव्हती. मास्तरांचे डोळे जात चालले होते. पार गेले नव्हते. धुऊन धुऊन विटलेल्या कापडासारखे झाले होते. दिवसभर दुसऱ्यांचे नंबर काढणाऱ्या मुलीला बापाचा नंबर कळणार नाही, असं कसं होईल? तिने आपल्या हाताने चष्मा बनवून आणला, तो खणात पडून राहिला. ‘माझे हात बघतात,’ मास्तर म्हणत. हात खरंच पुष्कळ बघत. पण टीप वाकडी जाई, काज एकीकडे आणि बटण दुसरीकडे होई. दुपारी मास्तरांचा डोळा लागला की सुट्टीच्या दिवशी धाकटी पुढच्या खोलीत जाई, आठवड्याचं सगळं वाकडं उसवी आणि गुपचूप सरळ करून ठेवी. मास्तर उठत, कापडावरून बोट फिरवत आणि काही बोलत नसत. त्या घरातली माया अशीच होती, उलट्या बाजूने घातलेल्या टाक्यासारखी. वरून दिसायची नाही.

तर नाही म्हणून आल्यावर तिने एकच गोष्ट मागितली. मागितली कसली, सांगूनच टाकली. घरात मांजर येणार, पर्शियन, आणि विकत.

‘मांजर विकत?’ मास्तरांनी हातातली कात्री खाली ठेवली. ‘उद्या कावळेही विकत आण.’

मांजरवालीने तिला पोलिसांनी विचारले नसतील इतके प्रश्न विचारले. घरात किती माणसं, दार कुठे उघडतं, खिडक्यांना जाळी आहे का. हे पिल्लू घरातच राहायचं, उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायचं नाही, एवढं वचन घेतलं. वडील शिंपी आहेत हे कळल्यावर मात्र ती बाई जरा थबकली. मांजराच्या जिभेला उलटे काटे असतात, ती म्हणाली, दोरा एकदा जिभेवर गेला की त्याला थुंकता येत नाही, गिळतच जातं. तेव्हा शिवायच्या खोलीत त्याला सोडायचं नाही. आणि कधी तोंडातून दोरा लोंबताना दिसलाच तर ओढायचा नाही, कापायचा नाही, तसंच उचलून डॉक्टरकडे न्यायचं. धाकटीने घरी येऊन हे शब्दाला शब्द सांगितलं. दोऱ्याचं मला कोण शिकवणार, असं म्हणून मास्तरांनी ते कानाआड केलं.

पिल्लू आलं. राखी रंगाचं, ओंजळीत मावणारं, आणि चेहरा असा की आताच कुणीतरी अपमान केलाय. मास्तरांनी ते डोळ्यांशी धरून पाहिलं.

‘याच्या नाकावर इस्त्री कुणी फिरवली?’

मग त्याच्या घराण्याचा कागद त्यांनी वाचायला लावला. आई अमुक, बाप तमुक, आजोबा कुठल्याशा स्पर्धेत पहिले. मास्तर ऐकत राहिले आणि म्हणाले की मला माझ्या पणजोबांचं नाव ठाऊक नाही, आणि या टीचभर जिवाच्या सगळ्या पिढ्या कागदावर. घराबाहेर सोडायचं नाही हे ऐकून तर ते हसलेच.

‘दाराबाहेर पाय टाकायचा नाही? मांजर आहे की सून?’

‘मुलगी म्हणा,’ धाकटी म्हणाली. ‘तुम्हाला सवय आहे.’

मास्तर मशीनकडे वळले. पण संध्याकाळी पिल्लाच्या पाठीवरून बोट फिरवताना तेच म्हणाले, ‘मखमल आहे ही. असली मखमल आता बाजारात येत नाही.’ नाव पडलं.

मखमल आली आणि घराची चाल बदलली. धाकटी कामावरून आली की आधी दाराच्या फटीत पाय घालून मखमलीला आत ढकलायची, मग स्वतः आत शिरायची. कधी नव्हे ते ती घरी पोचायची घाई करू लागली. खिडकीच्या जाळीतून ऊन आत यायचं, त्या उन्हात मखमल पोट वर करून पडायची आणि धाकटी भाजी निवडता निवडता काहीबाही जुळवून म्हणायची,

राखी गं मखमल, उशाला ऊन घेते
मुक्या माझ्या घरासंगं, तीच काय ती बोलते.

मास्तर पुढच्या खोलीतून ऐकत आणि मशीन थांबवत. इतकंच.

एक दिवस शाळेतल्या बाई आल्या. मास्तरांचं जुनं गिऱ्हाईक, मोठ्याने हसणारं. मास्तर, कोट माझा की मांजराचा, म्हणून त्यांनी काळा कोट उजेडात धरला. पाठभर राखी केस होते. धाकटीने मास्तरांकडे पाहिलं आणि मास्तर खडू शोधू लागले. बाई गेल्यावर तिने विचारलं तेव्हा कबूल झालं, की ती कामावर गेल्यावर मधलं दार उघडतं, मखमल येते आणि दिवसभर मास्तरांच्या मांडीत झोपते. एकटी रडते बिचारी, मास्तर म्हणाले. धाकटीला राग आला, पण त्या रागाला बूड नव्हतं. ज्या माणसाने तिला कधी जवळ घेतलं नव्हतं त्याच्या मांडीत ते पिल्लू निजत होतं, हे तिला मनातून गोडच वाटलं. तिने जमिनीवरचे दोरे रोज झाडायचं कबूल करून घेतलं आणि दार उघडंच राहू दिलं.

मास्तरांचं एक होतं. अंगावर सुटलेला दोरा त्यांना खपत नसे. गिऱ्हाईक असो, वाण्याचा पोऱ्या असो की रस्त्यात भेटलेला अनोळखी माणूस, बोलता बोलता त्यांचा हात जाई आणि दोरा चिमटीत येई. सहज आला तर ओढायचा, अडला तर कात्रीने मुळाशी कापायचा. जन्मभर कच्चे टाके काढून हाताला लागलेली ती रीत होती. शाळेत निघालेल्या धाकटीला ते दारात थांबवत, ते पापा घ्यायला नव्हे, बाहीवरचा दोरा काढायला. तिनेही लहानपणी ते थांबवणं पापा म्हणूनच जपून ठेवलं होतं.

त्या दिवशी ती घरी आली तर दाराच्या फटीत कुणी आलं नाही. मखमल पलंगाखाली पाठ उचलून बसली होती. दुधाकडे बघेना, हाक मारली तर नुसता कान हलवी, जागची उठेना. मध्येच पिवळं पाणी ओकली. मास्तर मशीनवर होते. मांजरं ओकतात, म्हणाले. कधीपासून, तर सकाळपासून असेल. काही खाल्लं का, तर मला काय ठाऊक. मान वर करून त्यांनी पाहिलं नाही, हे धाकटीला तेव्हा जाणवलं नाही. तिने ओढणीत पिल्लू गुंडाळलं आणि पळत सुटली.

डॉक्टरीणबाई कमी बोलणाऱ्या होत्या. त्यांनी पोट दाबलं, फोटो काढला आणि पोट उघडावं लागेल म्हणाल्या. धाकटी बाहेरच्या बाकावर ओढणी आवळून बसून राहिली. दार उघडलं तेव्हा डॉक्टरीणबाईंच्या चेहऱ्यावरूनच तिला कळलं. एका बशीत भिजलेला पांढरा कच्चा दोरा होता, हातभर लांब.

जीभ आणि आतडं यांच्यामध्ये दोरा ताणला गेला होता, डॉक्टरीणबाईंनी समजावलं. आतडं त्याच्यावर गोळा झालं, दोरा ओढला की कापडाला चुण्या पडतात ना, तसं. नुसतं गिळलं असतं आणि तसंच आणलं असतं तर बहुधा वाचली असती. पण कुणीतरी तो बाहेरून ओढला होता. चांगला जोर लावून. आतडं आतून चिरत गेलं. मग येईना म्हणून तोंडाशी कापला. त्यांनी चिमट्याने टोक उचलून दाखवलं. धाकटीला दाखवायची गरज नव्हती.

घरी आली तेव्हा मास्तर काज करत होते. तिने ओढणीतलं गाठोडं टेबलावर, कापलेल्या कापडाशेजारी ठेवलं. मास्तरांनी हात पुढे केला, गाठोड्यावरून एकदाच फिरवला आणि मागे घेतला.

‘दोरा होता,’ ती म्हणाली.

‘गिळला असेल.’

‘कुणीतरी ओढला. मग कापला.’

‘मांजराला दात असतात.’

‘बाबा, दाताने तुटलेल्या दोऱ्याला पिसारा फुटतो. कात्रीचं टोक बंद असतं. तुम्हीच शिकवलंत मला.’

मास्तर सुईत दोरा ओवू लागले. दोरा सुईच्या एका बाजूने गेला, मग दुसऱ्या बाजूने. काय घडलं असेल ते धाकटीच्या डोळ्यांपुढे लख्ख उभं राहिलं: मांडीतली मखमल, बोटांना लागलेलं दोऱ्याचं टोक, अंगाला चिकटलाय म्हणून चिमटीत धरून दिलेला हिसका, आणि येत नाही म्हणून उचललेली कात्री. तोंडातून येतोय हे त्यांना दिसलं नव्हतं. पिल्लू ओरडलंही असेल. त्यात दुष्टावा नव्हता. तिच्या बाहीवरून जन्मभर फिरला तोच हात होता. हे तिला कळत होतं, आणि कळत होतं म्हणूनच एक वाक्य तिला हवं होतं. तेवढं मिळालं असतं तर तिने बाकी सगळं पुन्हा उलट्या बाजूने शिवून टाकलं असतं.

‘दिसलं नाही म्हणा,’ ती म्हणाली. ‘मी ओढला, मला दिसलं नाही, एवढंच. मी काही बोलणार नाही. कुठे जाणारही नाही.’

मास्तरांचे ओठ हलले, तिला वाटलं आता येतंय. दिसत नाही असं एकदा तोंडातून गेलं की टेबल गेलं, मशीन गेलं, आणि मास्तर हे नावही गेलं. ते त्यांनी मनात मोजून पाहिलं असावं. एका पारड्यात ते सगळं आणि दुसऱ्यात ती.

‘माझ्या हातून असलं होत नाही,’ मास्तर म्हणाले. ‘तूच दार उघडं ठेवू दिलंस.’

धाकटी उठली. मागच्या अंगणात, जिथे मखमलीला जिवंतपणी कधी जाऊ दिलं नव्हतं, तिथे तिने खड्डा केला. हात धुतले आणि मालकीणबाईंना फोन लावला. पुढच्या खोलीत ऐकू जाईल इतक्या आवाजात बोलली. नवं दुकान अजून कुणाला दिलं नव्हतं.

निघायच्या दिवशी मास्तरांनी विचारलं ते एवढंच, की जेवून जाणार की तशीच. तशीच, ती म्हणाली. बॅग उचलून पुढच्या खोलीत आली तर शाळेतल्या बाई आपले कपडे न्यायला आल्या होत्या. बॅग बघून त्यांनी भुवया वर केल्या आणि ही स्वारी कुठे निघाली म्हणून विचारलं.

‘हिला मोठी जागा मिळाली, दुसऱ्या गावी,’ मास्तर म्हणाले. आवाज खणखणीत होता. ‘नको नको म्हणत होती. मीच म्हटलं, जा. माझी काळजी करू नकोस.’

बाईंचे डोळे भरून आले. म्हाताऱ्या माणसाला एवढं मोठं मन असतं का कुठे, त्या म्हणाल्या, नाहीतर आमचे वडील. मग धाकटीच्या पाठीवर हात ठेवून त्यांनी विचारलं, ‘नशीब काढलंस गं. ठाऊक आहे ना?’

मास्तर टेबलाकडे तोंड करून कापड चाचपत होते. त्यांची मान ताठ होती, ऐकत असलेल्या माणसाची असते तशी.

‘हो,’ धाकटी म्हणाली. ‘त्यांनीच पाठवलं.’ आणि दार पूर्ण उघडून ती बाहेर पडली.