लाल चप्पल, निळी चप्पल

आमच्या घरात ज्याला नको म्हटलं जातं ते रडू लागतं. इरूला चौथं वर्ष लागल्यापासून हे सुरू झालं. तिनं पोहे मागितले की शिरा रडतो, पिवळा फ्रॉक घेतला की हिरवा. मी एकेकाला थोपटते, "रडू नको हं, उद्या तुझी पाळी" म्हणते, आणि दिवस पुढं सरकतो.

त्या संध्याकाळी मात्र मला घाई होती. गल्लीच्या टोकाला विठ्ठलमंदिरात कीर्तन होतं. जन्मभर बायकांत बसून ऐकणाऱ्या मला बुवांनी टाळ घेऊन मागं उभं राहायला सांगितलं होतं. भाऊ आणि वहिनी लग्नाला गेलेले, त्यामुळे इरू माझ्याकडे.

"इरू, चप्पल घाल. लाल की निळी?"

तिनं लाल घातली. निळी रडू लागली. चपला बारीक, नाकातून रडतात. इरूनं लाल काढून निळी घातली. मग लाल रडू लागली.

"कुठलीही एक घाल गं माझे आई!"

"दुसरीला वाईट वाटतं, आत्या."

"मग अनवाणी चल."

दोन्ही जोड एकदम रडू लागले. मी इरूला कडेवर घेतलं, पण तिनं लाल चपलेचा पट्टा सोडला नाही. रडून रडून ती चप्पल इतकी जड झाली होती की मी मटकन खाली बसले.

देवळात मृदंग वाजला. बुवांनी अभंगाचं अर्धं चरण म्हटलं. उरलेलं मागच्यांनी उचलायचं असतं. कोणी उचललं नाही. ते अर्धं चरण खिडकीतून आत आलं आणि पंख्याखाली लोंबत राहिलं.

मृदंगवाले शिदबा दारात आले. "ताई, बुवांचा हात वरच राहिलाय. सगळी मंडळी टाळी अर्धवट धरून बसलीत."

"चप्पल रडतेय हो."

"मग समजूत काढा की तिची. तुमच्याशिवाय ते चरण कोणाच्या तोंडी बसेना," म्हणाले आणि गेले.

थोपटून थोपटून माझे तळवे भिजले. पाणी उंबऱ्याला लागलं. पांडुरंगा, एवढ्या पोरीला एक चप्पल ठरवता येऊ नये? माझा आवाज चढला.

"शेवटचं विचारते. ही लाल चप्पल हवी की मी?"

असलं तिला सगळेच विचारतात, आई की बाबा, मामा की काका, आणि हसतात. इरू हसली नाही. तिनं मला नीट पाहिलं, मग चपलेला.

"चप्पल."

"का गं?"

"तू रडत नाहीस ना."

तिनं लाल घातली. निळी गप्प झाली, कारण नको म्हटलेली आता मी होते. उठायला गेले तर पाय पाण्यानं भरलेले. इरूनं माझा टाळ स्वतःच्या गळ्यात घातला आणि माझ्या पाठीवर थोपटलं.

"रडू नको हं, आत्या. उद्या तुझी पाळी."

ती दार ओढून गेली. पंख्याखालचं अर्धं चरण खाली उतरलं आणि माझ्या ओठांपाशी येऊन थांबलं. मी तोंड उघडलं. आवाज निघाला तो बारीक, नाकातून.